शाळेचें पुस्तक घरीं आलें पाहिजे

(पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



मुलांना शाळेंत घाला, असें तुम्हांस सांगण्यासाठीं आम्ही आलों नाहीं. ते दिवस गेले. 1848 सालीं जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, तेव्हां त्यांना लोकांचा केवढा रोष सोसावा लागला, हें तुम्ही जाणतां. 1882 सालीं हंटर कमिशनपुढें जोतीरावांनीं बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचें शिक्षण सक्तीचें करा, असें मागणें घातलें. 1906 सालीं सयाजीराव महाराजांनीं बडोदें राज्यांत सक्तीचें शिक्षण सुरू केलें. 1917 सालीं शाहू छत्रपतींनीं करवीरांत तोच हुकूम काढला. 1919 सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं काले गांवीं रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. आणि 2009 सालीं देशाच्या संसदेनें कायदा करून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास फुकट शिक्षणाचा हक्क दिला. इतक्या जणांच्या कष्टानें तें दार उघडलें आहे, व तुमचीं मुलें त्यांतून आंत गेलीं आहेत. आमचा प्रश्न पुढचाच आहे. आंत गेलेलें मूल बाहेर येतांना काय घेऊन येतें?

ह्या प्रश्नाचें उत्तर फारसें सुखाचें नाहीं. खेड्यापाड्यांतील मुलांच्या घरीं जाऊन त्यांच्या हातांत कागद देऊन वाचून घेण्याची एक पाहणी 2005 सालापासून देशभर होत आली आहे. तिला ‘असर’ म्हणतात. 2022 सालच्या पाहणींत पांचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पुस्तकांतला उतारा नीट वाचतां आला नाहीं. हीं मुलें शाळेबाहेरचीं नव्हेत. त्यांचीं नांवें पटावर आहेत, हजेरी लागते, वर्षाअखेर तीं वरच्या वर्गांतही जातात. पण पुस्तक हातांत आलें कीं त्यांची वाचा बसते.

कोणी म्हणेल, वाचतां आलें नाहीं तर बिघडलें काय? औत धरतां येतें, हातोडा मारतां येतो, पोटाला मिळतें. त्यांस आम्ही 1875 सालची आठवण देतों. त्या वर्षीं मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें हिसकावून जाळलीं, व तें लोण आसपासच्या गांवांत आणि नगर जिल्ह्यांत पसरलें. ज्या कागदांनीं त्यांच्या जमिनी गिळल्या, त्यांवर निशाणी त्यांचीच होती. पण त्यांत लिहिलें काय आहे हें पुष्कळांस वाचतां येत नव्हतें. पुढें 1879 सालीं सरकारनें कायदा केला आणि शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारासमोर लिहिलें जावें असें ठरविलें. कायद्यानें शेतकऱ्यास साक्षीदार दिला. स्वतःचा डोळा दिला नाहीं. तो डोळा शाळेंत मिळतो, आणि घर तो उघडा ठेवतें.

आज कागद कमी झाले नाहींत, उलट वाढले आहेत. सातबारा, फेरफार, पीककर्जाचा करार, विम्याची पावती, विजेचें बिल, हे सर्व तुमच्या घरांत येतात. पिकावर मारावयाच्या औषधाच्या डब्यावर एक रंगीत खूण असते. लाल खूण म्हणजे अतिशय जहाल विष; त्याहून उतरतें तें पिवळें, मग निळें, मग हिरवें. किती पाण्यांत किती औषध घालावें, तोंडाला काय बांधावें, हेंही तेथें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. 2017 सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन सुमारें वीस शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं, आणि मेलेल्या माणसांवर निरक्षरतेचा ठपका ठेवणें हा अन्याय होईल. तथापि आमच्या घरांत तो डबा उघडण्यापूर्वीं त्यावरचीं अक्षरें वाचणारें एक तरी माणूस असावें, एवढें म्हणण्याचा आम्हांस अधिकार आहे. तें माणूस पांचवींतली मुलगीही असूं शकते.

आतां मुद्द्यावर येतों. मूल शाळेंत जातें तरी वाचन कां टिकत नाहीं? ह्याचा धडा आपल्याच मुलुखांत एकदां मिळालेला आहे. 1959 सालीं सातारा जिल्ह्यांत ग्रामशिक्षण मोहीम निघाली. दिवसभर शेतांत खपलेले बाप्ये आणि बाया रात्रीं पाटी घेऊन बसल्या. गांव साक्षर झालें म्हणजे तेथें ग्रामगौरव समारंभ होई. पुढें दोन वर्षांनीं ती मोहीम महाराष्ट्रभर नेण्यांत आली. असें काम क्वचितच कोठें झालें असेल. परंतु समारंभाचा मांडव उतरल्यावर घरांत वाचावयास कांहीं उरलें नाहीं, आणि शिकलेल्यांपैकीं अनेकांचीं अक्षरें हळूहळू पुसलीं गेलीं. शिकविणाऱ्यांची हयगय नव्हती, शिकणाऱ्यांचा आळस नव्हता. पेरलें तें उगवलें होतें. पुढें पाणी मिळालें नाहीं.

सुताराची पटाशी वापराविना गंजते, हें सुतारास सांगावें लागत नाहीं. त्याचें पोर रंधा धरावयास शिकतें तें कसें? बापाशेजारीं बसून. भुसा उडवीत, लांकडाचे तुकडे जुळवीत, दहा वेळां चुकून अकराव्या वेळीं त्याचा हात बसतो. कुंभाराचें पोर चाकापाशीं वाढतें, कोष्ट्याचें पोर मागाच्या खटखटींत झोपतें. मग वाचन हेंच एक काम असें कसें असेल, कीं जें घरांत कोणी करतांना दिसत नाहीं, ज्याचें हत्यार घरीं नाहीं, आणि तरीही पोराच्या हातीं बसावें?

येथें कांहीं माउल्या म्हणतील, आम्हांला अक्षर येत नाहीं, आम्ही काय वाचून घेणार? बायांनो, ह्यापुढचें बोलणें मुख्यतः तुमच्यासाठींच आहे. वाचणाऱ्याला ऐकणारा लागतो. ऐकावयास अक्षरओळख लागत नाहीं. रात्रीं भाकरी थापतां थापतां मुलाला म्हणा, “बाळ, मला वाचून दाखव.” पाव घडी पुरे. तें अडखळेल, अडखळूं द्या. हंसूं नका, मारूं तर नकाच. वाचून झाल्यावर तीन गोष्टी विचारा: काय झालें? पुढें काय होईल असें तुला वाटतें? तूं त्या जागीं असतास तर काय केलें असतेंस? ह्या तीन प्रश्नांनीं पोपटपंची बंद होते. अक्षरें नुसतीं उच्चारणारें मूल अर्थाकडे वळतें, आणि आपलें वाचणें आईला हवें आहे असें वाटलें कीं उद्यां तें आपण होऊन पुस्तक काढतें.

दुसरें असें, कीं तुमच्यापाशीं धन नाहीं असें समजूं नका. जात्यावरच्या ओव्या, आजीच्या गोष्टी, उखाणे, कोडीं, पिकापाण्याचे आडाखे, लोहारकामांतले व विणकामांतले शब्द, हें सर्व तुमच्या घरांत आहे आणि पुष्कळसें अजून कोणत्याही पुस्तकांत आलेलें नाहीं. आजीनें गोष्ट सांगावी, नातवानें ती वहींत उतरावी, आणि तिलाच परत वाचून दाखवावी. आपल्या तोंडचा शब्द कागदावरून परत ऐकूं आला म्हणजे त्या म्हातारीस जो आनंद होईल तो वेगळाच. आणि पुस्तक म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी वस्तु, हा समज मुलाच्या मनांतून कायमचा जाईल.

मुलींविषयीं एक शब्द. संध्याकाळीं मुलगा पुस्तक घेऊन बसतो, आणि मुलगी पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते, भांडीं घांसते. मग तिचें वाचन मागें पडलें कीं आपण म्हणतों, तिचें डोकें चालत नाहीं. डोक्याला वेळ दिला नाहीं, हें म्हणत नाहीं. सावित्रीबाईंचें नांव घेणाऱ्या घरांत मुलीचा हंडा अर्धा तास तिच्या भावानें उचलावा.

आतां शाळेकडे वळतों. गुरुजींनीं आमचें बोलणें आपुलकीचें समजावें. पुष्कळ शाळांत पुस्तकांचें कपाट असतें, आणि त्याला कुलूप असतें. पुस्तक हरवलें, फाटलें, तर जाब कोण देणार, ही शिक्षकाची भीति खोटी नाहीं. परंतु कणगींत राखलेलें बियाणें पीक देत नाहीं. फाटलेलें पुस्तक कोणी तरी वाचलेलें असतें. कोरें राहिलेलें पुस्तक वाळवी वाचते. ह्यास्तव फाटल्या पुस्तकाचा भार एकट्या शिक्षकावर न टाकतां गांवानें आपल्या अंगावर घ्यावा.

तसेंच पालकसभेचें. सुगीच्या दिवसांत सकाळीं अकरा वाजतां सभा बोलवावी, दोन माणसें यावीं, आणि पालकांना आस्था नाहीं असें लिहून ठेवावें, हा न्याय नव्हे. मजुरी बुडवून येणाऱ्या बाईची आस्था तिच्या हजेरीवरून मोजूं नये. रात्रीं जेवणें झाल्यावर पारावर, नाहीं तर आळीआळींत सभा घ्यावी. तेथें भाषणें कमी व्हावीं आणि मुलांनीं वाचून दाखवावें. आपलें लेंकरूं चारचौघांत वाचतांना पाहिलें कीं बापाला दुसरा उपदेश लागत नाहीं.

हें होण्यासारखें आहे, ह्याचे दाखले आहेत. 1910 च्या सुमारास सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेहून बोर्डन नांवाचे ग्रंथपाल आणून राज्यभर वाचनालयें उभारलीं. गांवानें वर्गणी जमवली कीं तेवढीच रक्कम प्रांतपंचायत घाली व तेवढीच दरबार. जेथें वाचनालय नव्हतें तेथें पुस्तकांच्या लांकडी पेट्या गांवोगांव फिरत, आणि त्यांच्या वाहतुकीचा खर्च दरबार सोशी. आणि 4 मे 2017 रोजीं महाबळेश्वराजवळचें भिलार हें ‘पुस्तकांचें गांव’ झालें. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या तेथील लोकांनीं आपल्या राहत्या घरांत पुस्तकांना जागा दिली, व अनोळखी माणसानें येऊन तेथें बसून वाचावें अशी मुभा दिली. शेतकऱ्याच्या घरांत पुस्तकें राहूं शकतात, हें त्यांनीं करून दाखविलें.

मोबाइलाविषयीं विचाराल, तर तो काढून घ्या असें आम्ही म्हणणार नाहीं. बालभारतीचें ‘किशोर’ मासिक 1971 सालापासून निघत आहे, आणि त्याचे जुने अंक त्याच यंत्रावर फुकट वाचावयास मिळतात. यंत्र तेंच; त्यावर काय उघडावें हें घरच्या वडील माणसानें ठरवावें.

शेवटीं तुमच्या हातांतल्या अधिकाराची आठवण देतों. 2009 च्या कायद्याप्रमाणें सरकारी शाळेंत व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यांत शंभरांत पंचाहत्तर सभासद पालक असावे, निम्म्या बाया असाव्या, आणि दुर्बल वर्गांतील पालकांस त्यांच्या संख्येच्या मानानें जागा मिळावी, असें कलम आहे. पुष्कळ ठिकाणीं पालक सहीपुरते बोलावले जातात. तुम्ही सहीपुरते जाऊं नका. जाऊन तीन ठराव मांडा: कपाट आठवड्यांतून ठरल्या दिवशीं उघडावें व प्रत्येक मुलानें एक पुस्तक घरीं न्यावें, पालकांची सभा रात्रीं व्हावी, आणि फाटलेल्या पुस्तकांच्या डागडुजीसाठीं गांवानें वर्षास थोडी वर्गणी काढावी. पैसा नसेल तेथें शिवणकाम जाणणारानें पुस्तकें शिवून द्यावीं, सुतारानें एक फळी ठोकून द्यावी. ही वर्गणी रुपयाहून कमी मोलाची नाहीं.

बंधुभगिनींनो, शाळेची इमारत सरकार बांधील, पगार सरकार देईल, पुस्तकेंही पाठवील. पण रात्रीं चुलीपाशीं बसून “वाच बाळ” असें म्हणावयास सरकारचा माणूस येणार नाहीं. तें काम तुमचें आहे. येथून घरीं गेल्यावर, उद्यांवर न ढकलतां, आज रात्रींच मुलाचें दप्तर उघडा आणि एक पान ऐका. इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.