ईश्वराचें कर्तृत्व आणि मनुष्याचें स्वातंत्र्य

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढतात, तेव्हां जाळ्याचे दोन दोर दोन तुकड्यांच्या हातीं असतात. एकीनें हात सैल सोडला, तर तेवढा भार दुसरीवर पडतो. ईश्वर आणि मनुष्य यांचें कर्तृत्व असेंच वांटलेलें असतें काय? समुद्रावर जगणाऱ्या येथील कॅथलिक कुटुंबांस हा प्रश्न केवळ पंडितांचा वाटणार नाहीं. सर्व कांहीं देवाच्या इच्छेनें घडत असेल, तर वादळाची सूचना डावलून होडी लोटणाऱ्या तांडेलास दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

येशूसंघाचे स्पॅनिश पंडित लुईस दे मोलिना यांनीं १५८८ सालच्या आपल्या ग्रंथांत असाच दाखला घेतला आहे: दोघे मिळून एक नाव ओढतात. त्यांच्या मतें ईश्वर मनुष्याच्या संकल्पास आधीं ढकलीत नाहीं, कृतीस साथ देतो. आणि कोणत्या प्रसंगीं कोण काय निवडील, हें तो जाणतो. डोमिनिकन पंथाचे दोमिंगो बान्येस यांस हें मान्य झालें नाहीं. अशानें आदिकारण निव्वळ भागीदार ठरतें, हा आक्षेप खरोखरच जबर आहे. रोममध्यें १५९८ पासून खल चालला. १६०७ सालीं पांचवे पोप पॉल यांनीं निवाडा न देतां दोन्ही पक्षांस एकमेकांवर पाखंडाचा आरोप करण्याची मनाई केली. आणि तेंच शहाणपणाचें झालें! त्याच काळांत मोलिनांच्याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यांत होते. १६१६ सालीं छापलेल्या त्यांच्या ‘क्रिस्तपुराणां’तून आदामाच्या पतनाची कथा, आणि तिच्यासवें हा प्रश्नही, मराठी ओवींत उतरला.

तेराव्या शतकांतील संत थॉमस अक्वायनस यांची दृष्टि अधिक खोल आहे. कार्य अर्धें ईश्वराचें व अर्धें मनुष्याचें नसतें. तें संपूर्ण ईश्वराचें आणि संपूर्ण मनुष्याचेंही असतें, मात्र निरनिराळ्या पातळीवर. ईश्वर प्रत्येक वस्तूस तिच्या स्वभावानुसार चालवितो. इच्छेचा स्वभावच स्वतंत्र. म्हणून ईश्वरी प्रेरणेनें तिचें स्वातंत्र्य हिरावलें जात नाहीं, उलट तें तेथूनच लाभतें. मग पापाचें काय? लंगड्याची चाल चालण्याच्या शक्तींतून येते, लंगडणें मात्र वांकड्या पायामुळें. तांडेलाचें बळ व धैर्य ईश्वराचें. अविचार त्याचा स्वतःचा.

प्रार्थनेविषयींही त्यांचें म्हणणें असेंच आहे. तिनें ईश्वराचा संकल्प पालटत नाहीं. परंतु कांहीं गोष्टी प्रार्थनेच्या द्वारेंच मिळाव्या, हेंही त्या संकल्पांतच ठरलेलें असतें. होडी लोटण्यापूर्वीं कोणी क्रूसाची खूण करतो, तेव्हां ती खूणही वल्ह्याप्रमाणें कारणांपैकींच एक असते.