देवाचे मानकरी

आषाढीच्या तोंडावर माळशिरस तालुक्यातील श्रीपूरजवळून तुकोबांची पालखी बोरगावच्या मुक्कामाकडे जाते. त्या वाटेने चालणाऱ्या वारकऱ्याला विठोबा म्हणजे माउली. तिच्या भेटीस मध्यस्थ कशाला? परंतु पंढरपुरी तीच माउली राजा होते, आणि राजा म्हटला म्हणजे त्याचे मानकरी आलेच.

काकड्यापासून शेजारतीपर्यंतची विठ्ठलाची सेवा सात घराण्यांत वाटलेली होती. पुजारी प्रत्यक्ष पूजा करीत, बेणारी मंत्र म्हणत, परिचारक स्नानाचे पाणी आणीत, हरिदास पदे व आरत्या गात. डिंगरे देवापुढे आरसा धरीत व पायघड्या अंथरीत. दिवटे मशाल धरीत. डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहत. बहुतेकांचे काम हेच त्यांचे आडनाव झाले. या साऱ्यांवर बडव्यांची व्यवस्था असे, रुक्मिणीमातेकडे उत्पातांची.

ही सेवा पिढ्यान्‌पिढ्या चालली, याचे श्रेय या घराण्यांचेच. तथापि सेवेचे हळूहळू वतन झाले. वतनाच्या वाटण्या होतात, त्यावरून तंटे होतात. बडव्यांमध्ये तर दिवसाच्या उत्पन्नाचा हक्क लिलावाने जाऊ लागला. लिलावात मोजलेली रक्कम भरून निघावयाची ती अखेर भाविकाच्या पदरातूनच. १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर अस्पृश्य मानलेल्यांना मंदिराचे दार उघडले. गाभाऱ्यातील सेवा मात्र जन्मावरूनच ठरत राहिली.

असे केवळ पंढरपुरातच घडले असे नव्हे. रोम येथे पोपच्या दरबारातही धर्मोपदेशक नसलेल्या सरदार घराण्यांकडे वंशपरंपरेने मान चालत आले होते. कोलोन्ना घराण्याचा प्रमुख सिंहासनाशेजारी उभा राही. नव्या पोपची निवड चालू असता सभास्थानाची दारे बाहेरून राखण्याचा अधिकार १७१२ पासून किजी घराण्याकडे होता. १८७० साली पोपचे राज्य गेले, तरी हे मान टिकले. अखेर २८ मार्च १९६८ रोजी पोप सहावे पॉल यांनी आज्ञापत्र काढून दरबाराची फेररचना केली आणि पदे वारशाने मिळण्याची रीत बंद केली.

तेथे घरधन्यानेच घर आवरले. विठोबा मात्र विटेवर मुका उभा. त्याच्या घरची घडी कायद्याला बसवावी लागली. नाडकर्णी आयोगाने १९७० मध्ये अहवाल दिला. १९७३ च्या कायद्याने बडवे, उत्पात व सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. न्यायालयीन झगडा मात्र चार दशके चालला. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या बाजूने अंतिम निर्णय दिला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या जागांसाठी जातीची अट न ठेवता अर्ज मागविले, आणि स्त्रियांनाही ते करता आले.

ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केले, त्यांच्या मनाला तो निर्णय लागला असल्यास नवल नाही. परंतु काकडा आजही होतो, पाणी आजही भरावे लागते. ते भरण्याची पात्रता जन्मावर असावी की भावावर, याचे उत्तर वारकऱ्यांच्या संतांनी कायद्याच्या कितीतरी शतके आधी देऊन ठेवले होते.