राईतली मोळी



आज आम्ही तुम्हांला एका राईची गोष्ट सांगणार आहोत. ती राई आम्ही डोळ्यांनी पाहिली. तिथे आमची एक चूकही झाली. तीही सांगणार आहोत.

आमचे गाव जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला. तिकडे पाऊस थोडा. गेल्या साली दिवाळी झाली आणि आमच्या रात्रीच्या वर्गातली मंडळी म्हणाली, "गुरुजी, पुस्तकात रान वाचलं. आता खरं रान दाखवा." झाले! वीस माणसे निघालो. नारायणगाव, मंचर, घोडेगाव मागे टाकले. डिंभे धरणाच्या पाण्याकडेने वर चढत गेलो. शेवटी आहुप्याला पोचलो.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे अगदी पश्चिमेचे गाव. वस्ती महादेव कोळी बांधवांची. गावाच्या पुढे सह्याद्रीचा कडा तुटतो. कड्यावर उभे राहिले की खाली मुरबाडचा मुलूख दिसतो. गोरखगडाचा सुळका दिसतो. हा सारा भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. अभयारण्य म्हणजे प्राण्यांना जिथे भय नाही असे राखलेले अरण्य. सरकारने ते १९८५ साली जाहीर केले. तिथे शेकरू राहते. शेकरू म्हणजे मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची खार. आपल्या महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी आहे.

सरकारचा कायदा अलीकडचा. गावाची देवराई त्याच्याही फार आधीची. ती भैरवनाथाची राई. देवाच्या नावाने राखलेली, म्हणून देवराई. गावचे एक म्हातारे बाबा आम्हांला वाट दाखवायला आले. ते म्हणाले, "पायवाट सोडू नका. आरडाओरड करू नका. आन् राईतलं काय बी नेऊ नका."

आत गेलो. भर दुपारी गारवा! हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी अशी झाडे. वर फांद्यांत शेकरूचे घरटे दिसले. काटक्या आणि पाने यांचा मोठा गोळाच. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर उडी घेते. म्हणून त्याला फांदीला फांदी लागलेले रान हवे.

आमच्यातल्या एक मावशी मागे राहिल्या होत्या. बघतो तर काय, त्यांनी वाळक्या लाकडांची मोळी बांधली होती! बाबा म्हणाले, "बाई, ती मोळी ठेवा खाली."

मावशी म्हणाल्या, "बाबा, हिरवी फांदी मी तोडली न्हाई. हे तर पडलेलं लाकूड. कुजूनच जायचं. सरपणासाठी आम्ही कोस कोस हिंडतो."

आम्हीही मावशींचीच बाजू घेतली. म्हटले, "बाबा, गरिबाची चूल पेटेल. देव काय रागावेल?"

बाबा रागावले नाहीत. त्यांनी पायाजवळचा पाला हाताने उकरला. वर कोरडी पाने. खाली कुजका पाला. त्याच्याखाली काळी, ओली माती. पाऊस जाऊन किती दिवस झाले होते, तरी माती ओली! ते म्हणाले, "ही राईची गोधडी. कुजतं म्हणून तर माती व्हती. पावसाळ्यात रातीला या, कुजकी लाकडं उजेड देत्यात. लाकूड मेलं तरी त्याचं काम हाय."

मावशींनी विचारले, "मग तुमची चूल कशी पेटते?"

"आमाला बी चूल हाय. पण सरपणाला दुसरं रान. राईला हात न्हाई."

मावशींनी मोळी सोडली. लाकडे होती तिथे ठेवली. आम्ही मान खाली घातली.

मंडळी, बाबांचे बोलणे खरे आहे. पाल्याची गोधडी पावसाचे पाणी धरते. ते हळूहळू जमिनीत मुरते आणि झऱ्याला येते. घोड नदी याच डोंगरांत उगम पावते. आपली मीना आणि आपली कुकडी पुढे घोडेलाच मिळतात. म्हणजे वरच्या रानाशी खालच्या शेताचे नाते आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी देवरायांचा अभ्यास केला आणि १९७६ साली त्यावर लेख लिहिला. अनेक रायांत वाळके लाकूडही उचलत नाहीत, हे त्यांनाही दिसले. अभयारण्यातून परवानगीवाचून काही नेणे हा तर १९७२ च्या कायद्याने गुन्हाच आहे.

परतताना एसटीत आम्हांला आमचीच आठवण झाली. आमच्या गावच्या देवळामागे पूर्वी राई होती. आता चारच झाडे उरली आहेत. कोणी कुऱ्हाडीने एका दिवसात ती तोडली नाही. एकेक मोळी करून ती गेली. आणि आम्ही? आम्ही शाळेत असताना दर शनिवारी मुलांकडून तिथला पाला गोळा करवीत होतो आणि पेटवून देत होतो. स्वच्छतेचे काम म्हणून! किती वर्षे ती गोधडी आम्ही जाळली!

त्याच मावशी म्हणाल्या, "गुरुजी, चार झाडं तर हायत. तेवढी तरी राखू."

मग आम्ही सर्वांनी मिळून देवळामागे काटेरी कुंपण घातले. आत गुरे जात नाहीत. पाला कोणी पेटवीत नाही. सरपणासाठी बांधावर वेगळी झाडे लावली आहेत. ती वाढायला वेळ लागेल. तोवर मावशींना लांबच जावे लागते. पण परवा देवळामागे जांभळाची तीन रोपे आपोआप उगवलेली दिसली. ती त्यांनीच आम्हांला दाखवली.

तुमच्याही गावात अशी एखादी राई असेल. एकदा जाऊन या. पायवाटेने चाला. बघा, ऐका, आणि रिकाम्या हाताने परत या.