उंदराच्या कानातले पाहुणे

मृगाचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर, गवतात लाल मखमली किडे फिरताना तुम्ही पाहिले असतील. लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांनी ते काड्यापेटीत भरून घरीही आणले असतील. हा मृगाचा किडा नावाने किडा असला, तरी कीटक नव्हे बरे का. त्याला आठ पाय असतात. तो कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. आज मी बोलणार आहे ते त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाविषयी. हा भाऊबंद इतका लहान, की त्याची अख्खी पंगत उंदराच्या कानाच्या पाळीत सहज बसते. मराठीत त्याचे रूढ नाव माझ्या ऐकण्यात नाही, म्हणून शास्त्रज्ञ म्हणतात तसे आपणही त्याला चिगर म्हणू.

चिगरची राहणी जरा चमत्कारिक आहे. मोठेपणी तो मातीत राहतो, कीटकांची अंडी खातो आणि कोणाच्या वाटेला जात नाही. परोपजीवी असते ते फक्त त्याचे पिल्लू. अंड्यातून निघालेल्या या पिल्लाला पाय सहाच असतात. ते गवताच्या टोकाशी दबा धरून बसते आणि उंदीर, घूस, खार किंवा चिचुंद्री जवळून गेली की अंगावर चढते. (चिचुंद्री उंदराच्या कुळातली नव्हे, पण चिगरला त्याचे काय!) ते रक्त पीत नाही. कातडीत लाळ सोडून पेशी विरघळवते आणि तो रस पिते. काही दिवसांनी पोट भरले की गळून मातीत पडते. जन्मात एकदाच जेवण, आणि तेही एकाच यजमानाकडे.

आता कोणी म्हणेल, उंदराच्या कानातला हा जीव ओळखून करायचे काय? त्याचे कारण ताप आहे. स्क्रब टायफस हे नाव अलीकडे वर्तमानपत्रांतून वाचनात येते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या तापाचे रोगी बरेच आढळले आणि त्यांतले काही दगावले. ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी नावाचे जंतू चिगरच्या पिल्लाच्या चाव्यातून माणसाच्या शरीरात जातात. चाव्याच्या जागी कधी कधी विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती काखेत, जांघेत लपलेली असल्याने पुष्कळदा कोणाला दिसतच नाही. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने हा ताप बरा होतो. न ओळखला तर जीव घेतो.

आणि गंमत अशी, की पिल्लू जन्मात एकदाच जेवते. मग एकाकडून घेतलेला जंतू ते दुसऱ्याला देणार कधी? त्याचे उत्तर असे, की जंतू मुख्यतः आईकडून अंड्यात उतरतो. म्हणजे हा ताप चिगरच्या घराण्यात वंशपरंपरेने चालतो. पण सगळ्याच घराण्यांत नाही! जगात चिगरच्या तीन हजारांच्या आसपास जाती ठाऊक आहेत आणि माणसाला हा ताप देणाऱ्या त्यांतल्या मूठभरच. एकाच उंदराच्या एकाच कानात दोनतीन जाती शेजारी शेजारी बसलेल्या सापडतात. तेव्हा ‘गावात चिगर सापडले’ असा अहवाल देणे म्हणजे ‘रानात साप दिसला’ असे सांगण्यासारखे आहे. कोणता साप, हे कळल्याखेरीज ओझाने काय करावे आणि डॉक्टरने तरी काय करावे?

तर आता कोणता चिगर, ते कसे ओळखायचे? उंदराच्या कानात नारिंगी रव्यासारखे दाणे दिसतात. ते बारीक सुईच्या टोकाने उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचे. कुपीत कागदाची चिठ्ठी हवी. तिच्यावर गाव, तारीख, उंदराची जात आणि शरीराचा भाग. ही चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई अल्कोहोलात विरघळते आणि मग सगळी मेहनत वाया जाते. पुढे प्रयोगशाळेत तो दाणा काचेवर एका पारदर्शक डिंकात बसवतात, वर पातळ काच ठेवतात, उबेत वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात.

पाहायचे काय? अंगाची लांबीरुंदी मुळीच नाही. उपाशी चिगर आणि पोट भरलेला चिगर यांच्यात रिकाम्या आणि भरलेल्या पोत्याइतका फरक असतो. परंतु त्याच्या पाठीवर, डोक्यामागे, एक लहानशी कडक ढाल असते. अंग फुगले तरी ती फुगत नाही. म्हणून सारा भरवसा त्या ढालीवर. लेप्टोट्रॉम्बिडियम वंशात तिच्यावर पिसासारखे पाच केस असतात: पुढच्या कडेला मधोमध एक, पुढच्या दोन कोपऱ्यांवर दोन, मागच्या दोन कोपऱ्यांवर दोन. शिवाय मध्ये चाबकासारखे लांब असे दोन संवेदनाकेस. अ‍ॅस्कोशोंगास्टिया वंशात हेच दोन केस गदेसारखे फुगीर असतात. वाल्चिया वंशात पुढचा मधला केसच नसतो, आणि मागच्या पायांचे सांधेही एकाने कमी. ढालीची रुंदी साठसत्तर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतले साठसत्तर. तेवढ्या अंगणात हा सारा पसारा!

आपल्याकडे ज्याच्यावर नजर ठेवायची तो लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स. सुमात्रा बेटावर डेली नावाचा तंबाखूच्या मळ्यांचा मुलूख आहे. तिथल्या नमुन्यांवरून वाल्च यांनी १९२२ साली त्याचे वर्णन केले. वर सांगितलेल्या वाल्चिया वंशाला नाव मिळाले ते याच वाल्चचे. डेलिएन्सच्या पाठीवर, ढाल सोडून, अठ्ठावीस केस. मांडणी दोन, आठ, सहा, सहा, चार, दोन. हे अंक मला पाढ्यासारखे पाठ आहेत.

पण पाठ असून भागत नाही, हे मी स्वतः फजिती होऊन शिकलो. उमेदवारीच्या दिवसांत एका घुशीच्या कानातल्या चिगरच्या पाठीवर मला सत्तावीसच केस दिसले. मी तीनतीनदा मोजले. नवी जात सापडली या आनंदात नावही मनाशी ठरवले. आमच्या सरांनी काच पाहिली आणि तेलाचे भिंग लावून मला परत बसवले. केस तुटला होता, पण त्याच्या मुळाशी असलेली खळी जागच्या जागी होती! तेव्हापासून मी केस मोजत नाही, खळ्या मोजतो. सर एवढेच म्हणाले, “एकावरून बोलू नकोस. वीस आण.”

आणि यात खरोखर अर्थ आहे. थंड डोंगरावरचा आणि उष्ण सपाटीवरचा एकाच जातीचा चिगर मापांत वेगळा भरू शकतो. म्हणून नव्या जातीचे वर्णन करणारा अनेक नमुन्यांची मापे देतो, केस आणि केस चित्रात काढतो आणि एक नमुना ‘होलोटाइप’, म्हणजे त्या नावाचा मूळ धनी, म्हणून संग्रहालयात ठेवतो. उद्या वाद निघाला तर त्याच्याकडे जायचे.

वाद निघतातही. जपानातल्या नदीकाठच्या तापाचा चिगर ब्रुम्प्ट यांनी १९१० साली नोंदवला, त्याचे नाव अकामुशी. जपानीत त्याचा अर्थ लाल किडा. पुढे १९४३ साली वोमर्स्ले आणि हीस्लिप यांनी फ्लेचेरी ही जात वर्णिली. दुसरे महायुद्ध चालू होते. ब्रह्मदेशाच्या आणि पॅसिफिकच्या आघाड्यांवर सैनिक या तापाने आजारी पडत होते, आणि इंफाळला तर त्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळाच उघडली गेली. काही काळाने तज्ज्ञांनी फ्लेचेरी म्हणजे अकामुशीच असे ठरवून ते नाव बाजूला ठेवले. नंतर पुन्हा तपासणी झाली आणि फ्लेचेरी वेगळी ठरली. म्हणजे मलायातल्या जुन्या निबंधांत जिथे जिथे अकामुशी लिहिले आहे, तिथे आज वाचताना थबकावे लागते. संग्रहालयात काचा शिल्लक होत्या म्हणून हे निस्तरता आले. नुसते आकडे असते तर कोण काय करणार होते?

हल्ली चिगरच्या डी.एन.ए.वरून जात पडताळता येते, आणि त्याचे कवच न मोडता हे करण्याची युक्तीही निघाली आहे. मला त्याचा आनंदच आहे. मात्र डी.एन.ए.ची अक्षरे जुळवायची तर कोणाशी तरी जुळवावी लागतात, आणि तो ‘कोणी तरी’ आधी ढाल मोजून, खळ्या मोजूनच ओळखलेला असावा लागतो. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाने २००३ साली फर्नांडिस आणि कुलकर्णी यांचा भारतातील चिगरवरचा पाचशेवर पानांचा ग्रंथ छापला. माझ्या टेबलावर तो कायम उघडा असतो. गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातून कुपी आली, आत घुशीचा कान, आणि चिठ्ठीवरची शाई धुऊन गेलेली. कानात डेलिएन्स होते, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खळ्या स्वच्छ. फक्त ते कोणत्या गावचे, हे मला अजून कळलेले नाही.