बारा हेर आणि आजची बातमी

(‘शेलाख लेखा’ पराशेच्या आठवड्यात झालेल्या सभेतील भाषण)



मी अनेक वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत काम केले, म्हणून पुष्कळजण मला विचारतात, "वर्तमानपत्रांत वाईटच बातम्या का? चांगल्याही तितक्याच का छापत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर मला याच आठवड्याच्या पराशेत सापडते.

मोशे रब्बेनूंनी कनान देश पाहण्यासाठी बारा जण पाठविले. त्यांना दिलेले प्रश्न नीट पाहावेत. तेथील लोक बलवान की दुर्बळ? थोडे की पुष्कळ? जमीन सुपीक की नापीक? वस्त्या उघड्या की तटबंदीच्या? प्रत्येक प्रश्नाला दोन बाजू आहेत. केवळ सुखद वार्ता आणा, असे त्यांनी सांगितले नाही. केवळ धोके मोजून या, असेही नाही. बातमीदाराला याहून उत्तम सूचना कोणता संपादक देईल?

चाळीस दिवसांनी ते परतले. दोघांनी दांड्यावर वाहून आणलेला द्राक्षांचा घड सर्वांनी पाहिला. देश समृद्ध आहे, हे हेरांनी मान्य केले. नगरे तटबंदीची आहेत आणि लोक धिप्पाड आहेत, हेही सांगितले. येथवर हे वृत्त मोशेंच्या प्रश्नांना धरूनच होते. मग दोष कोठे घडला? दहा जणांनी पाहिलेल्या गोष्टींवर आपली भीती चढविली. त्या लोकांच्या दृष्टीने आपण टोळांसारखे होतो, असे ते म्हणाले. परक्यांच्या मनातले यांना कोणी सांगितले होते? ती रात्र लोकांनी रडून काढली, आणि पुढे चाळीस वर्षे रानात गेली. यहोशुवा आणि कालेब यांनीही तट नाकारले नाहीत. तट असूनही मार्ग आहे, एवढेच ते म्हणाले.

तेव्हा समतोल म्हणजे तराजूच्या एका पारड्यात वाईट आणि दुसऱ्यात चांगली बातमी टाकणे नव्हे. घडले ते पूर्ण सांगावे, आणि आपली भीती किंवा आशा त्यात वस्तुस्थिती म्हणून मिसळू नये, हा खरा समतोल.

अप्रिय बातमी दडपावी, असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्याच समाजाचा इतिहास आठवा. १९६२ नंतर या देशात विवाहाच्या वेळी बेने इस्राएल कुटुंबांच्या पूर्वजांची चौकशी होऊ लागली. आपल्या वडीलधाऱ्यांनी ते दुःख गिळले नाही. ते उघडपणे जेरुसलेममध्ये मांडले. ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ‘समाजाची शोभा होईल’ म्हणून सारे गप्प बसले असते, तर तो दिवस उजाडला नसता.

चांगली बातमी दडविणे हाही अपराधच आहे. शोमरोन नगराला वेढा पडला होता, आत दुष्काळ होता. वेशीबाहेरच्या चार कुष्ठरोग्यांना शत्रूची छावणी ओस पडलेली दिसली. ते पोटभर जेवले, सोनेनाणे लपविले. मग त्यांना उमगले की अशी वार्ता स्वतःपाशी ठेवणे योग्य नाही. त्यांनी ती द्वारपालांना कळविली. राजाने मात्र स्वार पाठवून खातरजमा केल्याविना विश्वास ठेवला नाही. सुवार्तेचीही पारख करावीच लागते.

आज आपल्या प्रत्येकाच्या हातातील मोबाईलने आपल्याला हेर केले आहे. संकटाच्या काळात नातवंडे झोपलेली असताना आपण एकामागून एक संदेश पुढे पाठवीत असतो. पाठविण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात: हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे काय? यात माझी भीती किती मिसळली आहे? हे वाचणाऱ्याला काही करता येईल काय? उत्तर मिळाले नाही, तर तो संदेश सकाळपर्यंत थांबू द्यावा.