वाडीतले तण आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या आधीच्या वक्त्यांनी मोठे विषय मांडले. आम्ही मात्र विहाराच्या मागच्या दारापासून सुरुवात करणार आहोत. सांबार, वांगी, भेदरे लावण्यासाठी राखलेल्या जागेत आज गाजरगवत कंबरेला लागले आहे. घरोघरच्या वाडीतही हीच गत. "तण काय, येणारच," असे म्हणून आपण पुढे जातो.

आम्हीही तेच करीत होतो. मग एका पावसाळ्यात आम्हाला घाई सुटली. शेतात ज्वारीवर मारून उरलेले टू-फोर-डी घरी पडून होते. ते पंपात ओतले आणि कुंपणाकाठी मारले. वारा कुठला, ते पाहिले नाही. चार-आठ दिवसांत शेजारच्या बाईंच्या भेदऱ्याची पाने आखडून दोरीसारखी झाली. बाजारात भाजी विकून त्या घर चालवतात. त्या भांडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊ, तण तुमचं होतं, मग वाफा माझा काऊन गेला?" पैसे आम्ही भरून दिले, पण हंगाम कसा भरून देणार? आणि गाजरगवत पुढच्या मृगात पुन्हा उगवलेच, कारण बी जमिनीतच होते.

बंधूंनो, औषधाची किंमत आपल्या जिल्ह्याला सांगावी लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. ती औषधे किडीची होती, तणाची नव्हती, हे खरे. पण हात तेच, पंप तोच आणि बेफिकिरीही तीच. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर २०२२ साली केंद्र सरकारनेही निर्बंध घातले. मग जिथे लेकरे खेळतात, जिथली भाजी आपण खातो, तिथे असले विष कशाला?

तर मग करायचे काय? आधी शत्रू ओळखू या. गाजरगवत हे मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात १९५५ च्या सुमारास ते पुण्यात नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे मानतात. एकेका झाडाला हजारो बिया येतात. अंगाला लागले की खाज, चट्टे. परागाने सर्दी, दमा. म्हणून ते उघड्या हाताने उपटू नका, हाताला पिशवी बांधा. पाऊस पडून माती ओली झाली की, फूल येण्याआधी, मुळासकट उपटा. फुलाआधीचे झाड खताच्या खड्ड्यात चालते. फुलावर आलेले मात्र टाकू नका, नाहीतर खताबरोबर बी पुन्हा वाफ्यात येते.

मोकळ्या जागी पावसाच्या तोंडावर तरोट्याचे बी फेका. तरोटा दाट वाढून गाजरगवताला दाबतो, आणि कोवळ्या पाल्याची भाजीही होते. गाजरगवत खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ साली बंगलोरकडे सोडण्यात आला. पुढे तो बराच पसरला. पांढुरक्या पाठीवर काळ्या रेघांचा हा भुंगा दिसला तर मारू नका. काही जण मिठाचे पाणी मारायला सांगतात. त्याने तण जळते, पण वाफ्यातली माती खारावते. वाडीत ते नको.

दुसरा शत्रू लव्हाळा. वरून कापला की आपण खूश होतो, पण त्याच्या गाठी मातीखाली माळेसारख्या असतात. एक ओढली की दुसरी तुटून राहते आणि तीच फुटते. यावर औषध म्हणजे ऊन आणि चिकाटी. चैत्र-वैशाखात कुदळीने वीतभर खणा, गाठी वेचा, उन्हात कडकडीत वाळू द्या. हरळीच्या कांड्यांचेही तसेच करा. किंवा वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरा, कडा मातीने दाबा आणि महिना-दीड महिना तसाच तापू द्या. बरेचसे तणाचे बी मरते. लव्हाळ्याच्या काही गाठी तरीही वाचतात. पुन्हा पान दिसले की पंधरा दिवसांच्या आत काढा, म्हणजे नवी गाठ धरायला त्याला वेळ मिळत नाही. असे एक-दोन हंगाम न चुकता केले तर तो हटतो. मधेच सोडले, तर पहिले पाढे पंचावन्न. रिकाम्या जागेवर पालापाचोळा, तुरीचा भुसा पसरा. उघडी माती दिसली की तण आलेच समजा.

धम्मपदाच्या तण्हावग्गात तणाचा आणि मुळाचा दृष्टान्त उगाच आलेला नाही. ज्यांनी तो दिला, त्यांनी शेत जवळून पाहिले होते.

आता शेवटचे. निंदणाचे काम आपण आयाबहिणींवर सोडून देतो. दिवसभर लोकांच्या वावरात वाकून निंदायचे आणि संध्याकाळी घरच्या वाडीतही त्यांनीच वाकायचे, हा कुठला न्याय? म्हणून आमची विनंती पुरुष मंडळींना आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी वंदनेनंतर एक तास खुरपे घेऊन मागच्या दारी या. आणि या आवारात तणनाशकाचा पंप येणार नाही, असा ठराव आजच करू या. पहिले खुरपे आम्ही धरतो. त्या बाईंनाही आम्ही बोलावले आहे. वाफे कसे पाडायचे, ते त्याच सांगतील.