थंडीची रात्र, आंबिया बहार आणि मंडळातलं यंत्र
(केळझर येथील बैठकीतील भाषण)



संक्रांत झाली की आपण म्हणतो, थंडी गेली. संत्र्याचं खरं दुखणं तिथूनच सुरू होतं. डिसेंबरात ताण दिलेला, जानेवारीत पाणी सोडलेलं. नवती आणि फूल बरोबरच निघतं. झाड सर्वांत नाजूक आणि आभाळ सर्वांत बेभरवशाचं, असे हे दोन महिने.

हिमाचलात सफरचंदाच्या फुलावर दहिवर गोठतं. आपल्याकडे तेवढं होत नाही. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर आला, तरी शून्याच्या वरच राहिला. पण केळी शून्याची वाट पाहत नाही. १० अंशांखाली तिची वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवताना घड गळ्यातच अडकतो. खानदेशात याला चरका म्हणतात.

नाल्याकाठचीच बाग का मार खाते? रात्र निरभ्र, वारा पडलेला असला की जमीन उष्णता सोडते आणि जड झालेली गार हवा सखलात जाऊन बसते. म्हणून त्या संध्याकाळी केळीला विहिरीचं पाणी द्यावं. ते हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली माती ऊब धरून ठेवते. ताणावरच्या संत्र्याला मात्र हा उपाय नाही, ताणच मोडेल! पहाटे धुनी पेटवतो, तिथेही काम करते ती आगीची ऊब. धुराचं आपल्याला नुसतं समाधान.

गारपिटीपुढे यातलं काहीच चालत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने ती पाहिली. गारांनी साल फुटली की जखमेतून बुरशी शिरते, म्हणून मोडक्या फांद्या छाटून लगेच बोर्डो मिश्रण फवारावं.

आता विम्याचं. फळपीक विमा हवामानावर चालतो, म्हणजे भरपाई तुमच्या झाडाकडे पाहून ठरत नाही, महसूल मंडळातल्या यंत्राच्या आकड्यावर ठरते. यंत्र उंचवट्यावर, बाग नाल्यात. यंत्राने अर्धा अंश जास्त दाखवला की तुमची करपलेली पानं कागदावर हिरवीच! गारपिटीचं संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावं लागतं, आणि नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. हप्ता कापताना हे आपल्याला कोण सांगतं?

आमची मागणी साधी आहे. अटींचा मराठी तक्ता हप्ता भरण्याआधी ग्रामपंचायतीत लागावा आणि प्रत्येक मंडळात एक यंत्र सखल भागात बसावं. तोवर प्रत्येक गावाने एक किमान तापमापी घ्यावी, ती नाल्याकाठच्या बागेत छातीच्या उंचीवर, सावलीत टांगावी आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहावा. त्या वहीवर पैसे मिळणार नाहीत, हे खरं. पण यंत्राच्या जागेवरून भांडायला बसू, तेव्हा समोरच्याकडे कागद असतो आणि आपल्याकडे नुसता आवाज. मार्चअखेरच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. मंडळाच्या आकड्यांशेजारी ठेवून आपण त्या एकत्र वाचू.